प्रार्थनाच होत नाही, म्हणजे माझा विश्वास संपला का?

शोकात असलेल्या ख्रिस्ती माणसांकडून हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला कळतंच. घरात कोणीतरी आजारी होतं, सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, उपवास धरले, तरी माणूस गेला. आता गुडघे टेकले की शब्दच फुटत नाही. आणि दुःख कमी होतं म्हणून की काय, वर ही टोचणी, की माझाच विश्वास कमी पडला असणार.

एका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नवरा दीर्घ आजारात गेला, उपचारांचं कर्ज डोक्यावर, त्यातच मुलाची नोकरी सुटली. पहिल्या भेटीत एकदम हसतमुख. "प्रभूची इच्छा मॅडम, आपण कोण बोलणार."

मी विचारलं, हे तुम्हाला वाटतं की कोणी सांगितलं?

बराच वेळ गप्प. मग, "मातीला आलेले सगळेच सांगत होते, रडू नका, साक्ष बिघडते."

साक्ष बिघडते, म्हणजे रडलात तर तुमचा विश्वास लोकांना डळमळलेला दिसेल! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

काही भेटींनंतर त्यांनी पर्समधून वही काढली, प्रार्थनेची. डावीकडे तारीख, मग विनंती, आणि उत्तर मिळालं की समोर लाल पेनाने बरोबरची खूण. मुलाची परीक्षा, खूण. नणंदेचं ऑपरेशन, खूण. नवऱ्याचं नाव मात्र पानोपानी आणि समोर काहीच नाही, आणि शेवटच्या नावानंतर वहीच कोरी.

"इथे काय लिहायचं होतं?"

"ते लिहिलं तर पाप लागेल."

"मनात तर आहेच ना. देवाला कळत नसेल?"

मी त्यांना बायबलमधला योहान 11 वा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. लाजर मेलाय आणि येशू उशिरा पोचतो. आधी मार्था, मग मरीया, त्याच्या दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन एकच बोलतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सरळसरळ तक्रार. मी विचारलं, रागावला का तो? त्या पुढे वाचत 35व्या वचनापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "तो रडला." लाजरला उठवायला चाललोय हे त्याने शिष्यांना आधीच सांगितलं होतं, तरी रडला. ताईंनी मान वर केली, "मग मला रडू नका म्हणणारे हे कोण?"

आणि त्याच लाल पेनाने वहीत लिहिलं, तू का नाही आलास? मग जे रडू आलं ते आलं. अशा वेळी टिश्यूचा डबा मी मुद्दाम पुढे सरकवत नाही, सरकवला की माणसाला वाटतं आता आवरायला हवं.

इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय, जो देवाशी भांडतो त्याचा विश्वास जागेवर असतो, कारण समोर कोणी ऐकतंय असं वाटल्याशिवाय कोणी भांडत नाही. बायबलमधलं स्तोत्र 88 काढून बघा, शेवटचा शब्द अंधाराचा, स्तुतीची एक ओळ नाही, तरी सगळं देवालाच उद्देशून. साधा विश्वास म्हणतात तो हाच, मोठ्या शब्दांची गरज नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, 9व्या अध्यायात, आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप म्हणालाच ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही एका दमात, आणि येशूने त्याचा मुलगा बरा केला.

काहीजण नेटवर वाचून विचारतात, मॅडम मी नकारापासून स्वीकारापर्यंतच्या शोकाच्या पाच पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर? मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्यावर स्वतःला मार्क देत बसू नये.

ताईंचं कर्ज त्या रडण्याने फिटलं नाही अर्थात. बायबलमधला संदेष्टा एलीया खचून झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही, दोनदा खायला दिलं आणि मधे झोपू दिलं (1 राजे 19). म्हणून मी झोप आणि जेवणाचं आधी विचारते. मग मुलाला बोलावून कोणाचे किती देणे ते कागदावर उतरवलं, बँकेचे फोन टाळण्यापेक्षा स्वतः जाऊन हप्त्याचं बोलायचं ठरलं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा, गोळ्या घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते जमिनीवर बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर. मग कारणं समजावायला लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. तेव्हा नुसतं बसा. मातीनंतर दोन-तीन महिन्यांनी फोन करा, तेव्हा कोणीच करत नाही, आणि बँकेत सोबत येऊ का विचारा, बायबलचं वचन पाठवायचं राहिलं तरी चालेल.