खाण, गाव आणि संमती: वाचकांचे प्रश्न

'नोकऱ्या दिल्या की गाव राजी होतं,' हे गृहीत धरूनच बहुतेक पत्रं येतात. म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्रश्न: सरकारी परवाना असताना गावाला विचारायचं कशाला?

परवान्याने लोकांचा विरोध मिटत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटावरची पांगुना खाण परवाना घेऊनच चालू होती. स्थानिकांच्या उठावामुळे ती १९८९मध्ये बंद पडली.

प्रश्न: रोजगाराची हमी पुरेशी नाही का?

नाही.

प्रश्न: माहितीसभेत आम्ही हजेरीपत्रकावर सह्या केल्या. आता कंपनी म्हणते, गावाची संमती मिळाली. असं होतं का?

हजेरी म्हणजे संमती नव्हे, आणि ही युक्ती आता थांबायला हवी. सहीचा कागद पुढे आला की आधी त्याचा माथा वाचा. रकाने आखलेले आणि वर कोरं असेल, तर तिथे उद्या काहीही लिहिलं जाईल. सही करू नका. संमती म्हणायची तर खाणीची हद्द, खोली, पाण्याचा उपसा आणि गाळाच्या बांधाची (खनिज काढल्यावर उरलेला ओला गाळ अडवणाऱ्या धरणाची) जागा हे सगळं लोकांना समजेल अशा भाषेत सभेच्या पुरेसं आधी हाती पडलं पाहिजे. आणि 'नको' म्हणण्याची खरी मुभा हवी. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरांत २०१३मध्ये ती मिळाली, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीभोवतीच्या रहिवाशांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी न्यायाने वागते का, आपलं ऐकते का, यावर तिच्यावरचा विश्वास ठरतो आणि विश्वासावर खाणीचा स्वीकार, असं त्यात दिसलं. सगळं ठरवून झाल्यावर घेतलेल्या सभेतून हा विश्वास कुठून येणार? सह्या झाल्याच असतील, तर कागदाची प्रत मागा आणि लेखी हरकत नोंदवण्यासाठी याच आठवड्यात वकील गाठा.

प्रश्न: गाळाचा बांध मजबूत आहे, असं सगळे म्हणतात. विश्वास ठेवावा का?

सगळे म्हणजे कोण? ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योच्या बांधाला स्थिरतेचं प्रमाणपत्र होतं. जानेवारी २०१९मध्ये तो फुटला आणि २७० जीव गेले. बांध फुटल्यास गाळ कुठवर येईल, याचा नकाशा मागा आणि कंपनीशी संबंध नसलेल्या भूतांत्रिक (माती-खडकाच्या मजबुतीचा अभ्यास करणाऱ्या) अभियंत्याला दाखवा.

प्रश्न: विहिरी आटल्या तर भरपाई मिळेल?

खाणीआधीच्या पाणीपातळीची नोंद नसेल, तर नुकसान सिद्ध करणं फार अवघड. खाण सुरू होण्याची वाट पाहू नका. भूजलतज्ज्ञाला बोलवा आणि पावसाळ्याआधी व नंतर, दोन्ही वेळा मोजणी करून घ्या.