वाचक विचारतात: अध्यक्षाविना अमेरिका

प्रश्न : अमेरिकेने १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, पण जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले १७८९ मध्ये. मधल्या काळात देश कोण चालवत होते?

उत्तर : काँग्रेस, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत. तिच्या अधिकारांचा करारनामा १७७७ मध्ये तयार झाला, पण मेरीलँड अडून बसल्याने तो १ मार्च १७८१ रोजी लागू झाला. त्यात स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता. काँग्रेसचा 'अध्यक्ष' असे, पण त्याचे काम मुख्यतः बैठक चालवण्याचे.

खरी गोम पैशात होती. काँग्रेसला कर लावता येत नसे. ती राज्यांकडे वर्गणी मागे आणि राज्ये ती थकवत. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर ५ टक्के जकात सुचवली गेली. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. बारा तयार झाली, पण १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि योजना बारगळली! पुढच्या प्रयत्नात न्यूयॉर्क आडवे आले.

करारनाम्याच्या दुरुस्तीच्या नावाखाली मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रतिनिधी जमले (ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही) आणि दाराआड नवी राज्यघटनाच लिहून मोकळे झाले. यात त्यांनी मेख मारून ठेवली : नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरने नववा होकार दिला. ऱ्होड आयलंड आले १७९० मध्ये, सर्वांत शेवटी.