आम्ही नागपूरचे, ४५ अंश सोसलेले. जुलैत युरोपात बॅकपॅकिंग करताना तिथल्या उन्हाचं कितपत मनावर घ्यावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तिघे मित्र आहात, हातात तीन आठवडे आहेत, पॅरिस-बार्सिलोना-रोम असा बेत आहे, हॉस्टेलं स्वस्तातली बघताय आणि युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) घ्यावा की नाही ते ठरत नाहीये. पासचं शेवटी बघू. आधी त्या ‘४५ अंश सोसलेले’ला उत्तर देते, कारण हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला घट्टे पडलेत.

मी अकोल्याची. म्हणजे उन्हाच्या बाबतीत नागपूरकरांचं ऐकून घेण्याची मला तशीही सवय नाही. पण मला एक सांगा, ४५ अंश सोसतं कोण? मे महिन्यात दुपारी दीड वाजता सीताबर्डीवर किती माणसं पायी हिंडताना दिसतात तुम्हाला? आपल्याकडे दुपारी गाव मिटून घेतं. शाळा सकाळच्या होतात, दुकानदार शटर अर्धं ओढून आत पेपर वाचत बसतो, घरात कूलर घरघरत असतो, जुन्या घरांत खिडकीला वाळ्याचे पडदे असतात. जेवलं की आडवं व्हायचं, पाचला चहा. बाहेर पडणं अगदीच टळत नसेल तर डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळून. ४५ अंश सोसते ती ही सगळी तजवीज. ती घरी ठेवून तुम्ही युरोपात जाणार, पाठीवर आठ किलोची सॅक चढवणार आणि दगडी रस्त्यांवरून दिवसभर चालणार. आपल्या गावात तुम्ही हे कधी केलंय? मग सोसलंय म्हणजे नक्की काय केलंय?

२०१९च्या जुलैत माझा चुलतभाऊ (यापुढे दादा), वहिनी आणि मी असे पॅरिसला होतो. खोली सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, थेट छपराखाली. पॅरिसच्या जुन्या इमारतींची छपरं जस्ताच्या पत्र्याची असतात. फोटोत ती करडी-निळसर छपरं इतकी देखणी दिसतात की बघत राहावं. पण त्यांच्याखालच्या या खोल्या मुळात घरकाम करणाऱ्या बायकांना राहायला दिलेल्या असत, हे खोलीत शिरताक्षणी कळतं. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्रभर ते सगळं तुमच्या अंगावर सोडतो. पंखा नव्हता. मागितला तर घरमालकीण म्हणाली, आता अख्ख्या शहरात शोधून मिळायचा नाही.

दादाकडे एक्सेल शीट होतं. २५ जुलै, गुरुवार, त्यातल्या रांगा मला अजून पाठ आहेत: लूव्र संग्रहालयाचं पटांगण, तिथून ट्विलरीची बाग, शाँझेलिझे, विजयकमान, मग नदीच्या अलीकडचा त्रोकादेरो चौक करत पलीकडे आयफेल. सगळं पायी. निघायची वेळ दुपारी एक, कारण सकाळ कपडे धुण्यात गेली होती. त्या दिवशी पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम ४०.४चा, तोही १९४७मधला. रूळ आणि वरच्या तारांना धोका नको म्हणून गाड्यांचा वेग कमी केला होता आणि शक्य असेल तर आज प्रवास करू नका असं तिथली रेल्वेच लोकांना सांगत होती. मी म्हटलं, मी येत नाही. सकाळी आठलाच खिडक्या लावून बाहेरची लाकडी झापं ओढून घेतली होती, अंधार केला होता, चादर ओली करून पिळून ठेवली होती. आजी जे करायची तेच. दादा दारात उभा राहून म्हणाला, “लाखभर रुपये जाळून झोपाले आली का वं इथं? आपन अकोल्याचे आहो!”

वहिनी साताऱ्याची. ती भिडेखातर गेली.

ट्विलरीच्या बागेत मधल्या वाटेवर झाडं नाहीत, पांढुरकी बारीक खडी आहे. वरून ऊन आणि खालून तिची तिरीप. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानांवर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो, त्यावर तापमानही दाखवतात. वहिनीने त्याचा फोटो काढलाय, त्यात ४५ दिसतात, उन्हात तापलेला असणार तो. त्रोकादेरोच्या कारंज्यांत त्या दिवशी लोक कपड्यांसकट उतरले होते. वहिनीलाही पाय सोडून बसायचं होतं, पण शीटमध्ये आयफेल पुढच्या रांगेत होता. पूल ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत तिला मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती एका भिंतीला टेकून खालीच बसली. जवळच्या औषधवाल्या बाईंनी आत नेलं, मानेवर ओले बोळे ठेवले, घोट घोट पाणी पाजलं. मी फोन आल्यावर इलेक्ट्रॉलची पाकिटं घेऊन मेट्रोने गेले. तासाभरात ती बरी झाली. दादाच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद ‘जरा दमली होती’ एवढीच आहे.

रात्री खोलीपेक्षा नदीकाठ गार, म्हणून वहिनी आणि मी सेनच्या काठी जाऊन बसलो. जुलैच्या शेवटीही पॅरिसला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. अर्धं शहर तिथे होतं. लोक चटया, टरबुजं, लहान पोरं घेऊन आलेले, अगदी आपल्याकडे लोक गच्चीवर अंथरुणं घालायचे तसे. अशा उष्णतेच्या लाटेत महापालिका काही बागाही रात्रभर उघड्या ठेवते. मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर पॅरिस ते आहे, आणि मी ते नऊ ते साडेबारा या वेळात पाहिलं. तरीही गेली इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीत दादा पंगतीत सांगतो, “हे पॅरिसले गेली आन् झोपून आली.”

तर तुमच्यासाठी पहिली गोष्ट. आपलं ‘बारा ते चार घरात’ तिथे चालत नाही, ते पुढे सरकवा. अकोल्याला जुलैत सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो. पॅरिसला आणि बार्सिलोनाला, तिथल्या उन्हाळी घड्याळामुळे, दोनच्या जरा आधी. त्यामुळे खरा कहर चार ते सहा. आपला माणूस पाचला ‘ऊन उतरलं’ म्हणून चहा पिऊन निघतो आणि बरोबर भट्टीत सापडतो. तिकडे सकाळी सहा ते अकरा फिरा, दोन ते सात कुठेतरी थंड जागी पडून राहा, मग मध्यरात्रीपर्यंत हिंडा. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच गोंगाट करायलाच बंदी असते. २०२३च्या जुलैत अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी दुपारी बारा ते साडेपाच पर्यटकांना बंद ठेवली होती. त्या लोकांना कोणी पंगतीत टोमणे मारत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची, आणि नागपूरकरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. दिवसाचे ३८ अंश तुम्ही निभावून न्याल. पण खोलीत कूलर नाही, छताला पंखा नाही, आठ जणांच्या खोलीत एक छोटी खिडकी, आणि तीही रस्त्यावरच्या बारच्या आवाजामुळे बंद. सलग तीन रात्री झोप झाली नाही की चौथ्या दिवशी माणूस आडवा होतो. २००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेने सुमारे १५ हजार माणसं गेली. त्यात एकटे राहणारे म्हातारे फार होते, आणि घरं रात्रीही निवत नव्हती. तेव्हा हॉस्टेल निवडताना नाश्ता, गच्ची, पूल टेबल यांना मारा गोळी. एसी आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर, एवढं बघा. वरचा मजला दिला तर भांडून खालचा घ्या. जास्तीचे पैसे गेले तर जाऊ द्या, एक दिवस कमी राहा.

तिसरं, डोकं-कान दुपट्ट्याने बांधा, पण चेहरा उघडा ठेवा. आपल्या पोरी स्कूटीवर बांधतात तसं फक्त डोळे उघडे ठेवून फ्रान्समध्ये फिरलात तर २०११पासून तो गुन्हा आहे. ऑस्ट्रियात २०१७पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये २०२५पासून तसाच कायदा आहे. टॉवेलऐवजी सुती पंचा न्या. अंग पुसायला, ओला करून मानेवर टाकायला, चर्चमध्ये खांदे झाकायला, सगळ्याला तोच, आणि तासाभरात वाळतो.

पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये नासोनी म्हणतात ते ओतीव लोखंडाचे नळ आहेत, साधारण अडीच हजार, १८७४पासूनचे, पाणी अखंड वाहतं आणि गार असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून पिण्याजोगी धार उडते. पॅरिसमध्ये वॉलेस नावाच्या गृहस्थाने १८७२ साली शहराला दिलेली हिरवी कारंजी अजून चालू आहेत. फ्रान्समधल्या हॉटेलांत नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, ‘कराफ दो’ मागा, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग. इटलीत हॉटेलवाला बाटलीच आणून ठेवेल आणि बिलात लावेल.

रोममध्ये अजून एक. ‘दुपारी चर्चमध्ये बसू, दगडी असतात, गार असतात’ असं सगळे सांगतात. गार असतात हे खरं, पण त्यातली बरीच दुपारी बंद असतात! चर्चवाला पण घरी जाऊन झोपतो, दादा. सान क्लेमेंतेला मात्र वेळ बघून जाच: वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली रोमन काळातलं मिथ्र नावाच्या देवाचं देऊळ, आणि उतरावं तसं गार होत जातं. रोमन फोरमच्या अवशेषांत कोवळ्या उन्हात जा, सावली जवळजवळ नाही. पॅरिसमध्ये दुपार काढायची तर कॅटाकॉम्ब्ज, म्हणजे हाडं रचून ठेवलेली जुनी भुयारं, जमिनीखाली बाराही महिने १४ अंश, फक्त तिकीट आधी काढा. आणि लूव्रसाठी बुधवार किंवा शुक्रवार ठेवा, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

बार्सिलोनाला ओल्या चादरीची युक्ती चालत नाही. तिथे समुद्र आहे, हवा दमट, चादर वाळतच नाही, मुंबईचा घाम आठवेल. तिथल्या महापालिकेने ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं, बागा अशा थंडाव्याच्या जागांची यादीच करून ठेवली आहे, त्यातलं जवळचं गाठा आणि दुपारभर बसा. साग्रादा फामिलिया या तिथल्या प्रसिद्ध चर्चचं तिकीट संध्याकाळचं काढा. पश्चिमेच्या तांबड्या-केशरी काचांतून उजेड तेव्हाच आत येतो.

पासचं: घेऊ नका. भारतीयांना मिळतो तो युरेल, इंटररेल तिथल्या रहिवाशांसाठी. आणि पास असला तरी फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, फ्रान्समध्ये तर पासवाल्यांच्या जागाही मोजक्याच. तुमची शहरं तीन. पॅरिस ते बार्सिलोना थेट गाडी आहे, पावणेसात तासांच्या आसपास, तिकीट लवकर काढा. बार्सिलोना ते रोम रेल्वेने जाण्यात काही अर्थ नाही, विमानाने जा किंवा रात्रीची बोट पकडून रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरात उतरा. जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड असा बेत असता तर पासबद्दल वेगळं बोलले असते.

हे सगळं वाचून जाणं रद्द करू नका. प्रत्येक जुलैत लाट येतेच असं नाही. मधले बरेच दिवस २६-२८ अंशांचे, अगदी सुखाचे असतात आणि वादळी पावसानंतर तर स्वेटर लागतो. उलट बाजूने हेही सांगते: शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि एसीत बसलं की काही आठवड्यांत ती जाते. तिघेही आयटीत असाल तर तुमची नागपूरची कमाई बहुतेक संपलेली आहे. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या कोणाला चालू असतील तर डॉक्टरांना विचारून निघा. कोणी बरळायला लागला किंवा अंग तापूनही घाम येईना, तर लिंबूपाणी करत बसू नका, ११२ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावा. बायकांनी सुट्टी नाणी जवळ ठेवावीत. तिकडे सार्वजनिक शौचालयाला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, मग आपण पाणीच कमी पितो, आणि वहिनीने त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं.

दादा, कोणीतरी हे उत्तर तुला पाठवणारच आहे. पुढच्या लग्नात तो विषय काढायचाच असेल तर पूर्ण सांग. त्या रात्री आम्ही नदीकाठी टरबूज खात होतो तेव्हा पत्र्याखाली घोरत कोण पडलं होतं, ते पंगतीला वहिनीच सांगेल.