अमेरिकेतल्या सिव्हिल राइट्स, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या चळवळीची घरं वारसांनाच का सांभाळावी लागतात, सरकार का घेत नाही?

मी डेट्रॉईटजवळ राहतो, गाड्यांच्या कंपनीत आहे, आणि असं एक घर आता आमच्याच गावात आणून ठेवलंय म्हणून उत्तर देतोय.

घर मूळचं सेल्मा, अलाबामातलं. डेंटिस्ट सलिव्हन जॅक्सन आणि त्यांची शिक्षिका बायको रिची जीन यांचा साधा बंगला. 1965 मध्ये मार्टिन ल्युथर किंग आणि त्यांची माणसं इथेच मुक्कामाला असायची, जेवणखाण, फोन, बैठका सगळं इथूनच. 15 मार्चला प्रेसिडेंट जॉन्सननी मतदान हक्काच्या कायद्यासाठी भाषण केलं ते किंगनी याच घरात टीव्हीवर बघितलं, ती खुर्चीसुद्धा आहे. नुसती खुर्ची नाही हो, किंगचे टाय आणि पायजमेपण जपलेत, आमच्या आईनं कधीच बोहारणीला दिले असते.

आता मुद्दा. नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक जागांच्या सरकारी यादीत, नाव लागलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही, ती यादी मानाची, खासगी मालकानं स्वतःच्या पैशानं घर पाडलं तरी तेवढ्यावरून कोणी अडवत नाही. दुरुस्तीवर 20 टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे केंद्राच्या करात तेवढी सूट आहे, पण ते कमाई देणाऱ्या इमारतींना, तुम्ही स्वतः राहता त्या घराला नाही. चळवळीच्या जागांसाठी नॅशनल पार्क सर्व्हिसची (राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं सांभाळणारं सरकारी खातं) खास ग्रँट आहे, तीही राज्य, नगरपालिका नाहीतर नॉनप्रॉफिटला. मग वारसानं काय करायचं, एकतर संस्था काढा नाहीतर देऊन टाका. चळवळीतलेच नेते मेडगर एव्हर्स यांचं मिसिसिपीतलं घर कुटुंबानं 1993 मध्ये टूगालू कॉलेजला दिलं, ते 2020 मध्ये नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारी राष्ट्रीय स्मारक झालं, म्हणजे सरकार घेतं, पण मधली वर्षं बघा.

जॅक्सनांच्या मुलीनं हेन्री फोर्ड म्युझियमला विचारलं आणि 2023 मध्ये घर सुटं करून ट्रकवरून इकडे डिअरबॉर्नला, म्युझियमच्याच ग्रीनफिल्ड व्हिलेज या जुन्या घरांच्या आवारात आणलं. मला हे अर्धंच पटतं. लाकूड वाचलं, पण गल्ली, शेजार सगळं तिकडेच राहिलं, आणि लोक 1965 च्या मोर्चावर जिथे पोलिसांनी लाठ्या चालवल्या तो एडमंड पेटस पूल बघायला सेल्माला जातात त्यांना दाखवायची एक जागा कमी झाली. तरी मुलीला दोष देणं मला जमत नाही, मेंटेनन्सची बिलं टीका करणारे भरत नाहीत.

आणि कुटुंबात असं घर असेल तर छपराच्या बरोबरीनं वस्तूंची यादी करा, फोटो काढा, कोण कुठे बसायचं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून फोनवर तरी रेकॉर्ड करून घ्या. रिची जीन बाईंनी त्या दिवसांच्या आठवणींचं पुस्तकच लिहून ठेवलं, म्युझियमवाल्यांना त्याचा केवढा उपयोग होत असेल!