प्लाय कापण्याआधी ठरवा: चाक अडणार की गरगर फिरणार?

आउट रन आणि सुपर स्प्रिंट हे गाडी चालवण्याचे दोन्ही जुने आर्केड खेळ संगणकावर घरी बनवलेल्या एकाच स्टीअरिंगवर खेळता येतील का, आणि आणून ठेवलेला १०के पॉट (१० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग) त्याला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आउट रनला चालेल. सुपर स्प्रिंटला नाही. असं का, ते आधी पाहू, कारण सगळा सांगाडा त्यावरच ठरतो.

दोन्ही खेळ १९८६ चे, पण चाकं अगदी वेगळी. सेगाच्या आउट रनचं चाक डावी-उजवीकडे ठरावीक फिरून अडतं. आत पॉट असतो, त्यामुळे चाक या क्षणी कुठे आहे हे मशीनला थेट कळतं. अटारीच्या सुपर स्प्रिंटचं चाक अडतच नाही, एकाच दिशेने कितीही फिरवा. तिथे खाचांची चकती आणि प्रकाशाचे सेन्सर असतात, म्हणजेच एन्कोडर. चाक किती आणि कुठल्या दिशेने फिरलं, एवढंच मशीनला कळतं. १९८२ चं पोल पोझिशनही याच जातीचं. मेममध्ये (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम) अडणाऱ्या चाकाला पॅडल म्हणतात, गरगर फिरणाऱ्याला डायल. साधा पॉट साधारण ३०० अंशांत संपतो, म्हणून डायलसाठी एन्कोडर घ्यावाच लागेल.

माझा सल्ला: शाफ्ट एकच ठेवा. एन्कोडर बाजूला बसवून दातेरी पट्ट्याने शाफ्टला कायमचा जोडा. पॉट शाफ्टच्या टोकाशी सरकत्या पट्टीवर ठेवा. आउट रन खेळताना तो पुढे ढकलून जोडायचा, एरवी मागे ओढायचा. जोड डी आकाराचा केलात की तो एकाच स्थितीत बसतो आणि मध्य बिघडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. चाक अडवायचं काम पॉटवर सोपवू नका. माझ्या पहिल्या स्टीअरिंगमध्ये मी तेच केलं होतं आणि पुतण्याने पहिल्याच संध्याकाळी एका वळणावर पॉटच्या आतला अडथळा मोडला. चूक माझी होती, त्याची नाही. वळण आलं की माणूस जोर लावणारच. शाफ्टवर लोखंडी खिट्टी आणि प्लायवर दोन ठोकळे लावा, चाक दोन्हीकडे १३५ अंशांवर अडू दे. म्हणजे पॉटला दोन्ही टोकांना १५ अंश मोकळे राहतात. खिट्टी काढता येईल अशी करा, सुपर स्प्रिंटच्या वेळी ती काढायची आहे. चाक मध्यावर आणायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम, त्याही हुकाने अडकवा.

बेअरिंग दोन हवीत, एकमेकांपासून किमान १० सेंमी लांब. एकावर चाक डुगडुगतं. १५ मिमी शाफ्टला ६२०२ नंबरचं बेअरिंग बसतं.

पॉटवर बी१०के लिहिलंय ना, ते पाहून घ्या. ए असेल तर तो लॉग असतो, म्हणजे त्याचा रोध सगळीकडे सारखा बदलत नाही, आणि चाक एका बाजूला हळू, दुसऱ्या बाजूला झटकन वळल्यासारखं वाटतं.

पॉट आणि एन्कोडर संगणकाला जोडायला मायक्रोकंट्रोलर बोर्ड लागतो, तो प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. त्यांच्या मुख्य चिपमध्येच यूएसबी आहे, त्यामुळे संगणकाला ते थेट जॉयस्टिक किंवा माउस म्हणून दिसतात. पॉट जॉयस्टिकचा अक्ष म्हणून पाठवा, एन्कोडर माउसची आडवी हालचाल म्हणून. बाजारात सहज मिळणारा ६०० पल्सचा एन्कोडर एका पल्सच्या चार पायऱ्या धरून एका फेरीत २४०० पायऱ्या मोजतो. त्याच्या दोन्ही सिग्नल वायरी इंटरप्टच्या, म्हणजे सिग्नल बदलताच बोर्डाला लगेच कळवणाऱ्या, पिनांवरच घ्या (२ आणि ३ चालतील) आणि बोर्डातले पुल-अप (वायर एरवी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे रोध) चालू करा, कारण हे एन्कोडर बहुधा ओपन कलेक्टर असतात, म्हणजे वायर फक्त खाली ओढू शकतात.

चाक जोरात फिरवल्यावर गाडी उलट दिशेला वळली तर वायरिंग उचकटू नका. खेळ एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्राच्या वेळात) जेवढ्या पायऱ्या समजू शकतो त्याहून जास्त त्याला मिळताहेत. मेममध्ये टॅब दाबून अ‍ॅनालॉगच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी करत जा. हळू फिरवतानाही उलट वळत असेल, तर मात्र तिथेच रिव्हर्स चालू करा किंवा एन्कोडरच्या दोन सिग्नल वायरींची अदलाबदल करा.