एल्महुल्टला येताय तर गावातच राहा

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला स्वीडनमधल्या एल्महुल्टची ऑफर आलीय, गाव फारच लहान दिसतंय, तर माल्मो शहरात घर घेऊन त्यांनी रोज ट्रेननं जावं का. ताई, माझं ऐका, गावातच राहा. ट्रेन थेट आहे, दीड तासाच्या आत माल्मो येतं हे खरं, पण डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो, त्यात रोजचे तीन तास गेले तर पोरगं बापाला फक्त झोपलेलं दिसेल.

इथली कम्यून म्हणजे आपला तालुकाच समजा, पण माणसं सगळी मिळून अठरा हजारांच्या आसपास, बाकी जंगल आणि तळी. सगळ्यात मोठं तळं मोकेल्न, त्यातून हेल्गे नदी वाहत खाली बाल्टिक समुद्राला मिळते. आयकियाचं पहिलं दुकान १९५८ ला इथंच उघडलं, त्याच इमारतीत आता म्युझियम आहे, आणि आयकियातल्या नोकऱ्यांमुळेच आपली बरीच माणसं इथं आलीत, त्यामुळे गणपतीत मोदकाला माणसं कमी पडणार नाहीत.

पण मला विचाराल तर आधी जवळच्या रोशुल्टला जा. झाडांना, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणारा शास्त्रज्ञ कार्ल लिनियस १७०७ ला तिथं जन्मला, मोकेल्नकाठच्या स्टेनब्रोहुल्टला बापाच्या बागेत वाढला. आपल्या आंब्याला मँजिफेरा इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं ते यानंच, १७५३ मध्ये. हे कळलं तेव्हा मी रोशुल्टच्या कुरणात उभी होते आणि मला घरच्या आमराईची इतकी आठवण आली की सांगता येत नाही.

जंगलात फिरताना मधेच शेवाळलेले दगडी बांध लागतात. शेतातला एकेक दगड हातानं वेचून रचलेत ते, जमीनच तशी नापीक, त्यात १८६७-६९ ला पिकं बुडाली आणि स्मोलांदमधली, म्हणजे आमच्या या प्रांतातली, कितीतरी माणसं घरदार सोडून अमेरिकेला गेली. आमच्या शेजारच्या आजींच्या घरातलीही गेली होती, म्हणूनच की काय त्यांनी मला पहिल्या भेटीत नोकरीबिकरी नाही विचारली, विचारलं की तुझी आई कुठे असते. लोक बोलायला वेळ घेतात हो, पण एकदा बोलले की धरून ठेवतात. स्वीडिश मात्र शिकाच, क्लास फुकट असतात, फक्त इंग्रजीवर राहिलात तर ऑफिसच्याच माणसांत अडकाल.

त्याच आजींनी ओस्तकाका नावाचा इथला गोड पदार्थ खायला घातला, दूध रेनेटनं (चीज करताना दूध फाडायला वापरतात ते) फाडून त्यात अंडी-बदाम घालून भाजतात, कोमट असताना जॅमबरोबर खातात, खरवसाची आठवण येते अगदी. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, रेनेट वासराच्या पोटातलंही असतं.

ऑगस्टमध्ये ब्लूबेरी, मशरूम कुणाच्याही जंगलातून वेचता येतात, कायद्यानंच हक्क आहे, फक्त मशरूम ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जा. आणि घरी आल्यावर पोराच्या गुडघ्यामागे, कानामागे गोचीड बघायची, गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूच्या तापावरच्या लसीचं आल्या आल्या आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.