जखम भरणारे ग्रोथ फॅक्टर दम्यात नुकसान का करतात?

तुम्ही विचारलंय, ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायचा आणि दुरुस्तीचा संदेश देणारी प्रथिनं) जखम भरतात, मग अ‍ॅलर्जीच्या दम्यात डॉक्टर त्यांना दोष का देतात? शिवाय धाप लागत नसेल तेव्हा रोजचा स्टेरॉइड इनहेलर बंद केला तर चालेल का? मी पॅथॉलॉजीत काम करते. श्वासनलिकेच्या बायोप्सी बघायला लागले तेव्हा तुमचा पहिला प्रश्न मलाही पडला होता.

जखम एकदाच झाली तर ग्रोथ फॅक्टर भलंच करतात. दम्यात ती पुन्हापुन्हा होते. धुळीतले माइट किंवा परागकण आत गेले की श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं, तिथे इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जमतात आणि टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर सुटतो. त्याच्या सांगण्यावरून फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन तयार करतात, हातावरच्या जखमेचा वण होतो तसंच. पण इथे काम थांबतच नाही आणि अस्तराखालचा थर जाड होत जातो. लहान मुलांच्या बायोप्सीतही तो जाड दिसतो, ते बघून दरवेळी जीव तुटतो.

ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरच्या कुटुंबातले घटक कफ बनवणाऱ्या पेशी वाढवतात. व्हीईजीएफ या आणखी एका ग्रोथ फॅक्टरमुळे नवीन रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि सूज वाढते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. सौम्य दम्याच्या काही रुग्णांना अ‍ॅलर्जीचा पदार्थ न देता नुसतं मेथाकोलिन हे रसायन श्वासातून दिलं. त्याने श्वासनलिका आवळते, इओसिनोफिल वाढत नाहीत. तरीही काही दिवसांतच अस्तरात टीजीएफ-बीटा वाढला आणि खालचा थर जाड झाला. आधी साल्ब्युटामॉल (श्वासनलिका सैल करणारं औषध) दिलेल्यांमध्ये असं झालं नाही. म्हणजे नळी आवळली जाणं हीच पेशींसाठी दुखापत ठरते.

मग टीजीएफ-बीटाच का रोखत नाहीत? कारण प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचं कामही तोच करतो. टीजीएफ-बीटा-1 नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच अंगभर दाह होऊन मरतात. म्हणून औषधं त्याच्या आधीची पायरी गाठतात. मेपोलिझुमॅब इओसिनोफिल कमी करतं, तर स्टेरॉइड इनहेलर एकूण दाह आणि दम्याचे झटके दोन्ही कमी करतो.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आपल्या मनाने बंद करू नका. धाप नसली तरी आत दाह चालू असू शकतो. डोस कमी करायचा असेल तर श्वासाची तपासणी करून डॉक्टरांशी बोला, बरेचदा तो टप्प्याटप्प्याने कमी करता येतो.